‘ण’वरून नाव सुचत नाही, आणि दवाखान्यातून फोन येतोय

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी सोळा दिवसांची. हस्त नक्षत्र, तिसरा चरण. गुरुजींनी अक्षर काढून दिलं ‘ण’. सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंचं नाव ठेवायचंय, द्वारका. नवऱ्याला ‘मायरा’ आवडलंय. दवाखान्यातून दिवसाआड फोन येतो की नोंदीसाठी नाव कळवा. बारसं व्हायचंय. काय करावं?

ताई, मी नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसलो, जून २०२४ मध्ये निवृत्त झालो. वडील भिक्षुकी करायचे. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची पंचांगाची पिशवी सांभाळत मी शंभरेक बारशांना तरी गेलो असेन. म्हणजे नाव तांदळात लिहिताना पाहिलंय आणि नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलंय. दोन्हीकडचं सांगतो.

आधी तो फोन. त्याला घाबरू नका. कायद्याने २१ दिवसांत द्यायची असते ती जन्माची माहिती, नावाची नव्हे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती माहिती कळवायची जबाबदारी दवाखान्याची. नावाचा रकाना कोरा ठेवूनही नोंद पूर्ण होते. पुढे बारा महिन्यांच्या आत येऊन नाव घातलं तर शुल्क नाही; त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं चौदावं कलम त्यासाठीच आहे. फोन करणाऱ्या मुलीला तिचा तक्ता भरून टाकायचा असतो, एवढंच. तिला सांगा, “नाव नंतर नोंदवू, रकाना रिकामा पाठवा.” आई-बाबांची नावं आणि पत्ता मात्र एकदा वाचून दाखवायला सांगा. खरी घाण तिथे होते.

रकाना कोरा ठेवा असं मी इतकं का सांगतोय? कारण भरलेला रकाना पुसता येत नाही. नोंदीतली लेखनिकाची चूक दुरुस्त होते, पण “आम्हाला आता दुसरं नाव आवडलं” ही चूक नव्हे. माझ्या खिडकीवर दर महिन्याला एक तरी जोडपं असं यायचं की ज्यांनी डिस्चार्जच्या घाईत राशीच्या अक्षरावरून काहीतरी सांगून टाकलं आणि बाराव्या दिवशी आत्याने कानात दुसरंच सांगितलं. मग पाळण्यातली ईश्वरी आणि कागदावरची टीना, अशा दोन मुली एकाच अंगात वाढतात. पूर्वी हे खपून जायचं, शाळेत जे सांगाल ते खरं. आता नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांना जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पहिला कागद तोच, बाकीचे त्याच्यावर बेतलेले.

आता ‘ण’.

तुमच्या गुरुजींनी काही चुकीचं सांगितलेलं नाही. पंचांगात अवकहडा चक्र म्हणून एक कोष्टक असतं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, म्हणून एक चरण सुमारे सहा तासांचा. जन्मवेळी चंद्र ज्या चरणात, ते अक्षर. हस्त नक्षत्राची चार अक्षरं आहेत पू, ष, ण, ठ. तुमची लेक बारा तास आधी आली असती तर ‘पू’ मिळून पूर्वा नाही तर पूर्णिमा झाली असती आणि हा प्रश्नच आला नसता. ‘ष’वाले षण्मुख म्हणतात आणि गप्प बसतात. ‘ठ’वाल्यांना एकेकाळी ठकू, ठमा अशी नावं होती, आज कोण ठेवतंय? आणि ‘ण’ने सुरू होणारं नाव मराठीत नाहीच. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ आहे, उत्तरा भाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’. तिथेही हीच पंचाईत. जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. शास्त्रात पळवाट आहे: ङ, ञ, ण आले तर अनुक्रमे ग, ज, ड घ्यावे. म्हणजे तुमच्या वाट्याला ‘ड’. माझे वडील ‘ड’ न सांगता ‘न’ सांगायचे, कारण ‘ड’वरून यजमानांना डिंपलशिवाय काही सुचायचं नाही. याला आधार काय म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “आधार बाळाच्या आईच्या तोंडाकडे बघून घ्यायचा.”

पण खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती हल्ली बारशाला कोणी सांगत नाही. नक्षत्राचं नाव हे हाक मारायचं नाव कधी नव्हतंच. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नाव लिहितात ना, तिथे एक नव्हे, चार नावं लिहायची असतात. पहिलं कुलदेवतेचं, म्हणजे अमुक देवीची भक्त अशा अर्थाचं. दुसरं मासनाम: चैत्राला वैकुंठ, वैशाखाला जनार्दन, श्रावणाला वासुदेव, भाद्रपदाला हरि, मार्गशीर्षाला कृष्ण, पौषाला अनंत, असं बारा महिन्यांना ठरलेलं. तिसरं नाक्षत्रनाम. ते संकल्पात, पत्रिकेत, लग्नाच्या वेळी लागतं. पूर्वी तर ते आईबापांनी मुंजीपर्यंत आपल्यापाशीच ठेवायचं असा दंडक होता. आणि चौथं व्यावहारिक नाम, हाक मारायचं. या चौथ्यावर नक्षत्राची काही सक्ती नाही. गुरुजींना म्हणा, “तिसऱ्या ओळीत तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, चौथी ओळ आमची.” ते हसून हो म्हणतील. न म्हणाले तर गुरुजी नवे आहेत असं समजा.

चौथ्या नावाबद्दल जुन्यांनी काय म्हटलंय? मनुस्मृतीत मुलीचं नाव उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट असलेलं, कानाला गोड आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं असं आहे. त्या ग्रंथातलं बाकीचं पुष्कळ मी मानत नाही, पण ही ओळ खिडकीवरच्या कारकुनाने लिहिल्यासारखी आहे. पतंजलीच्या महाभाष्यात याज्ञिकांचं एक वचन येतं: नाव तीन पिढ्यांतल्या पूर्वजाशी जुळणारं असावं आणि शत्रूच्या घरात रुजलेलं नसावं. हे वाचताना माणसाला शेजारच्या बिल्डिंगमधली भांडणं आठवतात. ‘ते नाव नको, माझ्या ऑफिसात त्या नावाची एक आहे’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय.

म्हणजे सासूबाईंची मागणी अगदी शास्त्रातली आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत जुनी. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. आता गंमत बघा, त्या नातवाला इतिहास ओळखतो नानासाहेब म्हणून. कारण सासऱ्याचं नाव सून तोंडाने घेणार नाही. मग त्याच नावाच्या पोराला रागवायचं कसं? म्हणून घरात दुसरं नाव. दादा, अण्णा, बापू, ताई, माई ही अर्धीअधिक टोपणनावं या अडचणीतून जन्मलेली आहेत. तुमच्याकडे पणजीचं नाव ठेवलंत तर सासूबाई स्वतःच तिला ‘द्वारका’ म्हणून हाक मारणार आहेत का, हे त्यांना विचारून बघा. माझ्या आईने माझ्या भाचीला चौदा वर्षं ‘अगं ए’ म्हटलं.

द्वारका हे नाव मला मात्र आवडतं. स्वातंत्र्याच्या आधीच्या नोंदवह्या उघडल्या की पानापानांवर गोदावरी, यमुना, भागीरथी, काशी, मथुरा, द्वारका. ज्या बायकांना गावाबाहेर जायला मिळालं नाही त्यांच्या नावांत सगळं तीर्थाटन. त्यानंतर येतात मालती, कुसुम, नलिनी, शालिनी. मग वैशाली, संगीता, मनीषा. मग प्रियांका, पूजा, स्नेहल. पुढे सई, गार्गी, तन्वी. आमच्या नोंदवहीत तर १९५६ साल तारखेशिवायही ओळखू यायचं. नागपूरला ऑक्टोबरात धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या वर्षांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा यांची रांग लागली. आदल्या पिढीत बापाचं नाव धोंडू, दगडू असायचं. एका ओळीत मुलगा ‘मिलिंद’ आणि बाप ‘दगडू’ असं लिहिलेलं पान मी नव्या लोकांना दाखवायचो.

दगडू, धोंडू, भिकाजी, केरू ही नावं हिणवायची नव्हती. आधीची मुलं गेली की पुढचं नजरेत भरू नये, दगडासारखं टिकावं म्हणून ठेवलेली. पण नकुशी वेगळं. नको असताना झालेली ती नकुशी. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात जिल्हा परिषदेने २८० हून अधिक नकुशींची नावं समारंभाने बदलली, ते वर्तमानपत्रांत आलं होतं. त्याच्या काही वर्षं आधी आमच्याकडे एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी नर्सिंगच्या प्रवेशासाठी जन्मदाखला काढायला आली होती. शाळेच्या दाखल्यावर वेगळं, चांगलं नाव, बाईंनी पहिलीत घातलेलं. नोंदवहीत नकुशा. मी दाखला लिहून खिडकीतून सरकवला. तिने वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला आणि म्हणाली, “हे कोणी सांगितलं होतं लिहायला?” माहिती देणाऱ्याच्या रकान्यात आजोबांचा अंगठा होता. मी तिला राजपत्रात नाव बदलायची पद्धत समजावून सांगत राहिलो, आणि ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

असो. आता मायरा.

तुमच्या मिस्टरांना कोणत्यातरी यादीत त्याचा अर्थ ‘संस्कृत: प्रिय’ असा दिसला असेल. संस्कृतात असा शब्द नाही. इंग्रजीत मायरा हे नाव फल्क ग्रेव्हिल नावाच्या कवीच्या कवितांतून रूढ झालं, तो १६२८ मध्ये वारला. म्हणून ते ठेवू नये असं मी म्हणत नाही. किती फारसी, अरबी, पोर्तुगीज नावं आपल्यात मुरली, त्यात हे एक. पण पत्रिकेवर खोटा अर्थ छापू नका. या याद्यांतल्या अर्थांवर अजिबात विश्वास ठेवू नये. ‘आरव’ घ्या. दहा वर्षांत मी इतके आरव लिहिले की हात आपोआप वळायचा, आणि निम्मे बाप सांगायचे, “शांत असा अर्थ आहे.” संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. शांत तो नीरव. (ज्यांच्या घरी आरव आहे त्यांना एव्हाना खरा अर्थ कळला असेल.) रियांश, कियांश वगैरेंत ‘अंश’ तेवढा खरा, पुढचं जोडकाम. उलट अर्थ ऐकून दचकावं आणि नाव मात्र उत्तम असावं असंही होतं. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. पण गीतेच्या बाराव्या अध्यायात ते भक्ताचं लक्षण म्हणून आलंय. तेव्हा शब्दकोश उघडा, नाही तर गावातल्या संस्कृतच्या बाईंना विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

नाव मनात धरलं की माझ्या दोन परीक्षा घ्यायच्या. पहिली हाकेची. गॅलरीत उभं राहून खालच्या अंगणात ऐकू जाईल अशी तीनदा हाक मारा. मग रागाने मारा. मराठी माणूस नाव तसंच ठेवत नाही, मित्र त्याला ‘या’ लावणारच. गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या, आणि मंदार इतक्या सुंदर झाडाच्या नावाचा मंद्या. मुलींना ‘ए’ किंवा ‘ई’. मायराची मायरे होईल, द्वारकेची द्वारकी. हे थांबवता येत नाही, आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

दुसरी परीक्षा लिखाणाची, आणि इथे माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. एक गृहस्थ मुलाचं नाव घालायला आले. म्हणाले, “श्रेयश.” मी विचारलं, “श्रेयस? समशेरीतला स?” ते म्हणाले, “नाही, दोन्ही शहामृगातले श.” मला माहीत होतं की शब्द श्रेयस आहे. पण मागे रांग होती, आणि मी मनात म्हटलं, यांचं पोर, यांचा श. लिहिला श्रेयश. शाळेतल्या बाईंनी तो सुधारून श्रेयस केला, कारण बाईंचं व्याकरण चांगलं. सतरा वर्षांनी तो मुलगा पासपोर्टसाठी दोन्ही कागद घेऊन माझ्याच खिडकीवर आला. इंग्रजीत एकीकडे शेवटी ‘एस-एच’, दुसरीकडे नुसता ‘एस’. शपथपत्र, राजपत्र, हेलपाटे, जवळजवळ सात महिने. तेव्हापासून मी रांग कितीही असली तरी थांबून विचारायचो. पुढे कंटाळून लोक मला ‘स्पेलिंगवाले साहेब’ म्हणायला लागले.

देवनागरीतलं नाव रोमन लिपीत गेलं की कुठे तुटतं ते ठरलेलं आहे. ‘ज्ञ’ आपण डी-एन-वाय लिहितो, उत्तरेत जी-वाय. ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो, हिंदीवाले ‘रि’. म्हणून एका ऋतुजाची दोन स्पेलिंगं. ‘व’ला व्ही की डब्ल्यू. ‘क्ष’ला के-एस-एच की एक्स. आणि आर्य कोण, आर्या कोण, हे इंग्रजीत कळतच नाही. शेवटी दोन ‘ए’ लावले तर कार्यालयातला माणूस ते चूक समजून एक काढतो. अंकशास्त्रवाल्यांनी मध्ये घुसवलेली जादाची अक्षरं तर पहिल्या इयत्तेतच गळतात. या बाबतीत मायरा आणि द्वारका दोन्ही बरी आहेत, द्वारका जास्त बरी. मायराच्या स्पेलिंगात ‘एम-वाय’ की ‘एम-ए-वाय’ हा घोळ आहेच. तुमचं जे ठरेल ते चिठ्ठीवर मराठीत आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून न्या, तोंडी सांगू नका, आणि दाखला छापण्याआधी पडद्यावर दाखवा म्हणून सांगा.

एक नवीन गोष्ट. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव राज्यात शाळेच्या कागदांपासून पुढे सरकारी दस्तऐवजांवर चार भागांत लिहायचं आहे: बाळाचं नाव, आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. माझी नोकरी तेव्हा संपत आली होती. खिडकीवर बायका विचारायच्या, “खरंच लिहिणार का?” म्हणजे हाक-परीक्षा आणि लेखन-परीक्षा झाली की तिसरी ही घ्या: चारही नावं सलग मोठ्याने म्हणा. लांब नावापुढे लांब नाव, त्यापुढे लांब नाव आलं तर अर्जाच्या चौकटी पुरत नाहीत. बाळाचं नाव दोन-तीन अक्षरी असलेलं बरं.

आणि हे लिहिताना तुमचा प्रश्न मी पुन्हा वाचला. त्यात गुरुजींचं अक्षर आहे, सासूबाईंचं नाव आहे, मिस्टरांचं नाव आहे, दवाखान्याचा फोनसुद्धा आहे. तुम्हाला काय आवडलंय ते कुठेच नाही. बाळाच्या नावाला लागून पहिलं नाव तुमचं येणार आहे, तर त्याच्यापुढे काय शोभतं ते तुमच्या कानाला आधी कळेल. नऊ महिन्यांत एखादं मनात येऊन गेलं असेलच. द्वारका तांदळाच्या ताटात लिहा, पणजीचा मान राहील. मिस्टरांना मायरा घरात म्हणू द्या, चार दिवसांत त्याची ‘माऊ’ होईल. ते तुमच्या मनातलं नाव मात्र आज एका कागदावर लिहून ठेवा, आणि बारशाला आत्याच्या कानात कोणी काही सांगायच्या आत तिला दाखवा.